बाबांचा तिकीटसंग्रह लिलावात द्यायचाय? आधी पत्र्याचा डबा उघडा

प्रश्न थोडक्यात असा : जुळे सोलापुरातल्या एका ताईंचे वडील गेल्या वर्षी वारले. मिलच्या ऑफिसात हेडक्लार्क होते, आणि शाळकरी वयापासून पोस्टाची तिकिटं जमवत होते. मागे राहिलेत तेरा अल्बम, दोन स्टॉकबुकं आणि जुन्या पाकिटांनी गच्च भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. ओळखीतल्या एकाने "सगळं मिळून साठ हजार, आजच रोख" असं सांगितलंय. पुण्याचा भाऊ म्हणतो देऊन टाक, घरातली जागा तरी मोकळी होईल. अमेरिकेतला म्हणतो मी दिवाळीत येतो, बॅगेत घालून घेऊन जातो, तिकडे लिलावात लाखो मिळतील. ताई विचारतात, लिलावात द्यावं का, कसं द्यावं, आणि फसगत कुठे होते?

ताई, साठ हजारांना नाही म्हणा. पण लाखांचा हिशेबही आत्ताच मांडू नका.

मी चाळीस वर्षं तिकिटं गोळा करतोय, आणि त्यातली वीसेक वर्षं सोलापूर, पंढरपूर, तुळजापूर, विजापूर भागातल्या घरांमधले संग्रह लिलावापर्यंत पोचवायला मदत करतोय. या काळात एक गोष्ट पक्की कळली. लिलावात संग्रह विकला जात नाही. त्यातली पंधरा-वीस तिकिटं आणि आठ-दहा पाकिटं विकली जातात, बाकीचं सगळं त्यांच्या पाठीवर बसून जातं. ती पंधरा-वीस कोणती हे माल घराबाहेर पडण्याआधी तुम्हाला ठाऊक हवं. तुम्हाला नसलं तरी साठ हजारवाल्याला ते ठाऊक आहे. त्याने तेराही अल्बम शांतपणे चाळले का, की दोन-तीन पानांवर थांबून आकडा बोलला? थांबला असेल तर कोणत्या पानावर, ते आठवून ठेवा. फुकटात मिळालेलं ते मूल्यांकन आहे.

आता पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. आवराआवर नको. तिकिटं सोडवून नव्या अल्बमात लावणं नको, सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच नको. (होय, लॅमिनेट केलेली व्हिक्टोरिया राणी मी पाहिली आहे. मुलाने आजोबांची आठवण म्हणून हौसेने करून घेतली होती.) आणि डब्यातल्या पाकिटांवरची तिकिटं पाण्यात घालून सोडवू नका. हे मी का सांगतो ते जरा सविस्तर ऐका, कारण यात माझाच मूर्खपणा आहे.

तीसेक वर्षांपूर्वी एका मिलच्या रद्दीतून दोनेकशे पाकिटं माझ्या हाती लागली. तेव्हा मला तिकिटांपलीकडे काही दिसत नव्हतं. परातीत पाणी घेतलं, पाकिटांचे कोपरे कापून भिजत घातले, तिकिटं अलगद सुटली, टीपकागदावर वाळवली. उरलेली पाकिटं बंबात घातली. तिकिटं होती पाचव्या जॉर्जची, एक आण्याची, चॉकलेटी रंगाची; शेकड्यांनी मिळतात, आजही कुणी विचारत नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, सोडवलेल्या त्या तिकिटांवरचे अर्धवट शिक्के भिंगाखाली बघताना लक्षात आलं की 'शोलापूर' आणि तारखा मे-जून १९३० च्या आहेत. म्हणजे शहरात मार्शल लॉ होता ते दिवस. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली, ती ज्या प्रकरणातून झाली त्याच आठवड्यांतली ही पत्रं. पूर्ण पाकीट, पूर्ण शिक्का, पाठीमागे पोचल्याचा शिक्का, आत कदाचित पत्र, हे सगळं मी आंघोळीचं पाणी तापवायला वापरलं.

तेव्हा तुमच्या बाबांचा तो डबा. ते मिलमध्ये हेडक्लार्क होते हे वाचल्यावर माझं लक्ष अल्बमांवरून उडालंच. आवक-जावक ज्याच्या टेबलावरून जाते, त्या माणसाने जपून ठेवलेली पाकिटं आहेत ती. पाकीट हातात घेतलं की तिकीट नंतर बघा. आधी शिक्का, तारीख, गाव, मग किती पैशांचं तिकीट कशासाठी लावलंय ते. जुन्या शिक्क्यांवर आपल्या गावाचं नाव इंग्रजीत 'शोलापूर' असंच येतं. रेल्वेच्या डाकगाडीतले आरएमएसचे (रेल्वे मेल सर्व्हिसचे) शिक्के वेगळे काढा. दुसऱ्या महायुद्धातल्या पाकिटांवर सेन्सॉरने उघडून पुन्हा डकवल्याची छापील पट्टी असते, ती वेगळी ठेवा. तिकिटाच्या मधोमध बारीक छिद्रांनी अक्षरं पाडलेली दिसली तर ते फाटलेलं तिकीट नव्हे. नोकरांनी तिकिटं चोरून विकू नयेत म्हणून मोठ्या कंपन्या आणि बँका आपली आद्याक्षरं अशी टोचून घेत. त्याला परफिन म्हणतात, आणि फक्त परफिन गोळा करणारी माणसं आहेत.

आपल्या भागाची आणखी एक खासियत आहे. सोलापूर ब्रिटिश मुलुखात, आणि चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरचं तुळजापूर, नळदुर्ग निजामाच्या मुलुखात. निजामाचं टपालखातं स्वतंत्र होतं, १८६९ पासून त्याची स्वतःची तिकिटं. पण ती चालायची फक्त संस्थानाच्या हद्दीत. हद्दीबाहेर, म्हणजे सोलापूरच्या पेठेतल्या अडत्याला पत्र पाठवायचं तर ब्रिटिश हिंदुस्थानचं तिकीट लागायचं. त्यामुळे कधी कधी एकाच पाकिटावर दोन्ही राज्यांची तिकिटं सापडतात. निजामाची सुटी तिकिटं सोलापुरात घरोघरी आहेत. उर्दू-फारसी अक्षरं बघून लोकांना वाटतं खजिना लागला, पण बहुतेक चिल्लर भावाची असतात. दोन्ही तिकिटांचं पाकीट मात्र सापडलं, तर ते वहीत नोंदवा आणि कुणाला दाखवू नका.

आता अल्बम. तेरांपैकी आठ-नऊ तरी बाजाराच्या दृष्टीने नुसतं वजन वाढवणारे असणार, हे आधीच सांगतो म्हणजे नंतर वाईट वाटणार नाही. साधारण १९७० नंतरची भारताची स्मारक तिकिटं, कोरी असली तरी, लाखांनी छापली गेली आणि हजारो बाबांनी ती पोस्टाच्या फिलाटेलिक (तिकीटसंग्राहकांसाठीच्या) ब्यूरोतून दर महिन्याला घेतली. ती आज छापील किमतीला, कधी त्याहून खाली जातात. फर्स्ट डे कव्हरांचं, म्हणजे तिकीट निघाल्या दिवशीच्या शिक्क्याच्या पाकिटांचंही तेच. आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं १९९३ चं तिकीट, वालचंद हिराचंद यांचं २००४ चं, ही तुमच्या बाबांनी नक्की जपली असतील. ती विकू नका, घरातच ठेवा, कारण विकून चहाचे पैसे सुटणार नाहीत. परदेशी अल्बमांत अजमान, उम्म अल कुवैन, मंगोलिया, हंगेरी अशी चकचकीत फुलपाखरं आणि अंतराळवीर असतील, तर ती छापखान्यातच शिक्के मारून पाकिटांतून विकलेली असतात. त्या पिढीच्या प्रत्येक संग्रहात ती असतात. पानं उलटा.

थांबायचं कुठे? भारताची १८५४ ची पहिली तिकिटं: अर्धा आणा निळं, एक आणा तांबडं, दोन आणे हिरवं, चार आणे निळं-तांबडं. यांना दातेरी कडा नव्हत्या, पोस्टमास्तर कात्रीने कापून द्यायचा. म्हणून चारही बाजूंना कोरी किनार शिल्लक आहे का, यावर सगळा भाव. अर्धा आणा तर पुष्कळ मिळतो, पण चारही बाजू मोकळ्या असलेला आणि शिक्का हलका असलेला कमी. चार आण्याचं तिकीट अष्टकोनी चौकटीचं असल्यामुळे लोकांनी हौसेने अष्टकोनी कापलं. तसं कापलेलं असेल तर भाव एकदम खाली. चौकोनी आणि भरपूर किनारीचं असेल तर श्वास रोखून धरा. राणीचं डोकं उलटं छापलेलं तुमच्याकडे असण्याची शक्यता धरू नका. १८५२ चा 'सिंध डाक', म्हणजे याच्याही आधी फक्त सिंध प्रांतापुरतं निघालेलं तिकीट, सापडला तर आधी नकली समजा. त्याच्या नकला दीडशे वर्षं निघताहेत, आणि खऱ्याहून नकली जास्त फिरतात.

पाचव्या आणि सहाव्या जॉर्जची वरच्या किमतीची तिकिटं, पंधरा, पंचवीस रुपयांची, बघा. त्या काळात पंचवीस रुपयांचं तिकीट पत्रावर कोण लावणार? बरीचशी महसुली कामात किंवा तारेसाठी वापरली गेली, त्यांवर शाईच्या रेघा असतात. त्या रेघा पुसून तिकीट कोरं म्हणून विकण्याचा धंदा जुना आहे. स्वातंत्र्यानंतरचं म्हणाल तर १५ ऑगस्ट १९४९ ची पुरातत्त्व मालिका, तीन पैपासून पंधरा रुपयांपर्यंत. सहा आण्याच्या तिकिटावर आपल्या शेजारचा विजापूरचा गोल घुमट आहे. या मालिकेतल्या एक आण्याच्या बोधिसत्त्वाचं चित्र उलटं, म्हणजे डावा हात पुढे केलेलं छापलं गेलं आणि पुढच्या वर्षी ते दुरुस्त झालं. ही चूक सापडली म्हणून लोक मला अर्ध्या रात्री फोन करतात. ताई, ती चूक पहिल्या सगळ्याच तिकिटांवर होती, त्यामुळे तिचं नवल नाही.

आणि गांधी. १५ ऑगस्ट १९४८ चा चार तिकिटांचा संच: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. स्वित्झर्लंडच्या कुर्व्हाझिए छापखान्यात छापलेला. साठ हजारवाला माणूस ज्या पानावर थांबला ते बहुधा हेच असणार. त्यातलं दहा रुपयांचं कोरं तिकीट चांगल्या स्थितीत असेल तर त्याला गिऱ्हाईक कायम असतं. याच संचावर 'सर्व्हिस' असं छापून फक्त शंभर संच गव्हर्नर-जनरलच्या वापरासाठी काढले होते, आणि त्यातल्या दहा रुपयांच्या चार तिकिटांची पट्टी २०१७ मध्ये इंग्लंडमध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली. ती बातमी तुमच्या अमेरिकेतल्या भावाने वाचलेली दिसते. त्या बातमीनंतर घरोघरच्या साध्या गांधींवर 'सर्व्हिस' उमटू लागलं, एवढं त्यांना सांगा. दहा रुपयांच्या तिकिटाच्याही नकला आहेत. दहापट दाखवणारं भिंग घेऊन बघा: अस्सल तिकीट फोटोग्रॅव्हूर छपाईचं आहे, रंग मऊ आणि सलग दिसतो. मी पाहिलेल्या नकला ऑफसेट छपाईच्या होत्या, त्यांत वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ठिपक्यांचे झुबके दिसतात.

स्थिती हा शब्द मी सारखा वापरतोय, कारण लिलावात तोच विकला जातो. कोऱ्या तिकिटाच्या पाठीवरचा मूळ डिंक शाबूत आणि हिंजचा (तिकीट अल्बमात डकवायच्या डिंकाच्या कागदी पट्टीचा) डाग नाही, याला एक भाव. तेच तिकीट हिंज लावून अल्बमात डकवलेलं असेल तर स्वातंत्र्योत्तर तिकिटांना पुष्कळदा निम्माही नाही. आपल्या वडिलांच्या पिढीने मात्र सगळंच हिंज लावून डकवलं, त्याला इलाज नाही. आता ते हिंज ओढून काढू नका, खालचा कागद सोलून निघतो, आणि मग निम्म्याचा पाव होतो.

सोलापूरच्या हवेचा इथे फायदा-तोटा दोन्ही आहे. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत कागदावर तांबूस ठिपके पडतात, त्याला व्यापारी टोनिंग म्हणतात आणि त्यावरून भाव पाडतात. आपल्याकडचे अल्बम या बाबतीत बरेच स्वच्छ निघतात, आणि वर्णनात ते लिहून घ्यायला संकोच करू नका. पण मे महिन्यात पारा ४२-४३ ला गेला की पत्र्याच्या कपाटातला डिंक तडकतो, आणि तडकलेल्या डिंकाबरोबर कधी तिकीटही मोडतं. अल्बम भिंतीतल्या फडताळात, जमिनीलगत, उभे ठेवा. एकावर एक आडवे रचू नका. आणि डांबराच्या गोळ्या अल्बमात टाकल्या असतील तर आजच काढा.

किंमत. कुणीतरी तुम्हाला स्टॅन्ले गिबन्स या इंग्लंडच्या तिकीट कंपनीचा किमतींचा कॅटलॉग दाखवेल आणि बेरीज करून देईल. ती बेरीज वाचून आनंद होतो, तेवढाच तिचा उपयोग. त्यातल्या किमती दुकानदार निर्दोष तिकीट ज्या भावाने विकेल त्या असतात. तुम्ही विकणाऱ्या बाजूला आहात. खरा आकडा लिलावघरांच्या जुन्या निकालांत असतो. तुमच्यासारखंच तिकीट, तशाच स्थितीतलं, गेल्या दोन-तीन वर्षांत हातोडा पडला तेव्हा कितीला गेलं. हे निकाल बहुतेक लिलावघरं उघड ठेवतात, एक संध्याकाळ बसून बघा. आणि तिकिटाचा भाव वरच जातो अशी समजूत असेल तर ती सोडा. जगातलं सगळ्यात महाग तिकीट, ब्रिटिश गयानाचं एक सेंटचं, २०१४ मध्ये जवळपास ९५ लाख डॉलरला गेलं आणि २०२१ मध्ये तेच तिकीट ८३ लाखांना.

लिलावघर निवडताना मी एकच कसोटी लावतो: तिकिटांचं वर्णन कोण लिहितो? आपल्याकडे मुंबई, बंगळुरू, अहमदाबाद इथली बरीच लिलावघरं मुळात नाण्यांची आहेत, तिकिटं जोडीला घेतात. त्यांच्या मागच्या दोन लिलावांच्या यादीत तिकिटांची पानं उघडा. डिंक, हिंज, किनार, दुरुस्ती यांबद्दल दोन ओळी असतील तर तिथे जाणता माणूस बसलाय. नुसतं 'दुर्मिळ, सुंदर' असेल तर पुढे चला. दोन-तीन ठिकाणी निवडक पानांचे फोटो पाठवा, पुढून-मागून, पट्टी शेजारी ठेवून. सगळा संग्रह पाठवू नका. जो तुम्हाला उलट प्रश्न विचारेल, म्हणजे या पाकिटाच्या पाठीमागे काय आहे, या तिकिटाचा डिंक दाखवा, त्याच्याशी पुढे बोला. लगेच आकडा सांगणाऱ्याशी नको.

मग लॉट पाडणं, म्हणजे एकेका बोलीत काय काय विकायचं त्याचे गट ठरवणं. इथे मी एकदा दुसऱ्याचं नुकसान होऊ दिलं आणि ते अजून मनाला लागून आहे. शहरातल्या एका निवृत्त मास्तरांचा संग्रह मी एका लिलावघराकडे दिला, करारात लॉट कसे पाडायचे ते न लिहिता. यादी छापून आली तेव्हा त्यांची निजाम-ब्रिटिश दोन्ही तिकिटांची तीन पाकिटं 'हैदराबाद, मिश्र, सुमारे चारशे' या एकाच लॉटमध्ये घुसडलेली. राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली विकायचंच नाही असा आकडा, ठरवलेली नव्हती. एकाच व्यापाऱ्याने बोली लावली, हातोडा पडला, संपलं. सहा महिन्यांनी त्यातलं एक पाकीट दुसऱ्या यादीत एकटं दिसलं. मास्तरांना मी ते कधी सांगितलं नाही. तेव्हापासून मी करारासोबत स्वतःची यादी जोडतो: हे एकटं, हे एकटं, हे चार एकत्र, उरलेलं एका खोक्यात. छापण्याआधी कच्ची यादी आपल्याला दाखवायची, हे कलम हाताने का होईना लिहून घ्या. आणि प्रत्येक पानाचा फोटो आपल्याकडे. माल देताना पानांच्या संख्येवर त्यांची सही.

पैशाचा हिशेब साध्या आकड्यांत बघू. समजा लॉटवर एक लाखाला हातोडा पडला. विक्रेत्याचं कमिशन पंधरा टक्के धरलं तर पंधरा हजार. त्या कमिशनवर अठरा टक्के जीएसटी, दोन हजार सातशे. तुमच्या हाती ब्याऐंशी हजार तीनशे. तिकडे घेणाऱ्याकडूनही बायर्स प्रीमियम, म्हणजे बोलीवर जादा कमिशन घेतात. तोही पंधरा धरला आणि त्यावरचा कर मिळवला तर त्याला एक लाख सतरा हजार सातशे मोजावे लागतात. तो बोली लावताना हाच आकडा मनात धरून लावतो. म्हणजे त्याने दिलेल्या आणि तुम्हाला मिळालेल्या रकमेत पस्तीस हजार चारशेंचं अंतर. याचा राग येत असेल तर थेट विकायचा मार्ग आहेच, पण थेट विकताना समोर एकच माणूस असतो आणि तो तुमच्याहून जाणता असतो. चांगल्या मालाला कमिशन कमी करून मिळतं, मागून बघा. फोटो, विमा, न विकलेला लॉट यांचे पैसे वेगळे लावतात का तेही विचारा. पैसे साधारण दीड-दोन महिन्यांनी येतात. किती दिवसांत, हे करारात हवं.

राखीव किंमत सगळ्या लॉटांना लावायचा मोह होईल. लावू नका. वरच्या तीन-चार लॉटांना लावा, तीही अंदाजित किमतीच्या खालच्या टोकाशी. बाकीच्यांना मोकळं सोडा. चढी राखीव ठेवलेला लॉट न विकता परतला की पुढच्या लिलावात तोच चेहरा सगळ्यांनी ओळखलेला असतो, लग्नाच्या बाजारात परत आलेल्या स्थळासारखा.

अस्सलपणाच्या दाखल्याबद्दल: लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती आणि इंग्लंडमधलीच 'बीपीए एक्सपर्टायझिंग' ही संस्था तिकिटं तपासून प्रमाणपत्र देतात, आणि जगभर ते चालतं. खर्च आणि महिने दोन्ही लागतात. सगळ्यांना नको, १८५४ च्या चांगल्या तिकिटाला, महाग ओव्हरप्रिंटला ('सर्व्हिस'सारखी अक्षरं वरून छापलेल्या तिकिटाला) लागेल तेवढंच, आणि तेही लिलावघरामार्फत. मुंबईचे जुने जाणकार जाल कूपर यांचं नाव एखाद्या तिकिटाच्या पाठीवर किंवा जुन्या दाखल्यावर सापडलं तर तो कागद तिकिटापासून वेगळा करू नका.

अमेरिकेतल्या भावाच्या बॅगेचं काय? तिथे मी ठाम आहे: नको. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांवरच्या वस्तू, आणि ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं-कागदपत्रं असतील तर पंचाहत्तर वर्षांवरची, खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. एखादं तिकीट किंवा पाकीट त्यात बसतं की नाही हे विमानतळावरच्या कस्टम अधिकाऱ्याशी वाद घालून ठरवायचं नसतं. आणि खरं सांगायचं तर भारताच्या तिकिटांना चांगली बोली आता भारतातूनच येते.

त्यापेक्षा भावाकडून एक सही घ्या. वडिलांच्या मागे तुम्ही तीन भावंडं, म्हणजे संग्रह तिघांचा. आई असेल तर चौघांचा. लिलावघर तुमचं पॅन आणि आधार घेईल आणि पैसे तुमच्या खात्यात टाकेल. पुढे वाद नको म्हणून सगळ्यांची लेखी संमती आधी, नोटरीपुढे. तिकिटांच्या वाटणीसाठी स्टॅम्प पेपर घ्यावा लागतो याची गंमत तुमच्या बाबांना नक्की वाटली असती. रोखीचा व्यवहार कुणाशीही नको. दोन लाख किंवा त्यावर रोख घेणं कायद्यानेच बंद आहे. कर किती लागतो हे सीएला विचारा, आणि विचारताना बाबांच्या जुन्या पावत्या, ब्यूरोच्या खात्याचे कागद सोबत न्या.

माल पोचवायचा तो हातोहात. कुरियर नको, आणि पावसाळ्यात तर नकोच. सोलापूरच्या कोरड्या हवेतला डिंक जुलैच्या मुंबईत दोन दिवसांत पानाला चिकटतो. दिवाळीनंतर सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघा, सकाळी मुंबईत. पुण्याच्या भावाला आधी दाखवायचं असेल तर हुतात्मा एक्सप्रेस आहेच. निवडलेली पानं आणि पाकिटं एका हँडबॅगेत मावतात. ती उशाशी ठेवा, बर्थखाली नको.

लिलावाच्या दिवशी हॉलमध्ये पंधरा माणसं दिसली तर घाबरू नका. निम्मी बोली ऑनलाइन आणि आधी लिहून दिलेली असते. पण पुढच्या रांगेतले चार व्यापारी एकमेकांच्या लॉटवर हात वर करत नाहीत असं दिसलं, तर तुमच्या वरच्या लॉटांची राखीव किंमत तिथे कामाला येते. तुमच्या स्वतःच्या मालावर ओळखीच्याकडून बोली लावून भाव चढवायचा सल्ला कुणी देईल. तसं केल्याचं कळलं तर लिलावघर पुन्हा दारात उभं करत नाही.

या रविवारी दुपारी चारनंतर माझ्याकडे येऊन जा. अल्बम घरीच राहू द्या, डबा तेवढा आणा. आणि पाकिटांचे गठ्ठे रबरबँडने बांधलेले असतील तर ते ओढून काढू नका. इतक्या उन्हाळ्यांत ते वितळून कागदाला चिकटलेले असणार. तसेच आणा, इथे भिंगाखाली कात्रीने कापू.